शरदातले पक्षी ओळखण्याचा आव

लेक-जावई बॉस्टनला असतील आणि आपण ऑक्टोबरात तिकडे जाणार असाल, तर रंगलेली पानं बघू नयेत. ती सगळेच बघतात. आपण पक्षी बघावेत, आणि तेही शरदातलेच. वसंतात पक्षी बघण्यात कसला आलाय पुरुषार्थ? तेव्हा वॉर्बलर नावाच्या चिमुकल्या पक्ष्यांचे नर नटूनथटून गात असतात, म्हणजे स्वतःच नावगाव सांगतात. शरदात यांतले बरेचसे मळकट हिरवट होऊन, गाणं बंद करून दक्षिणेला निघतात. पीटरसनच्या प्रसिद्ध पक्षी-मार्गदर्शकात या मंडळींना ‘गोंधळात टाकणारे’ म्हणून वेगळी पानं दिली आहेत. पुस्तकानेच हात टेकल्यावर आपल्याला मोकळं रान.

थंड वायव्य वारा सुटल्याच्या दुसऱ्या दिवशी पहाटे बॉस्टनच्या उत्तरेकडच्या प्लम आयलंडचा किनारा गाठावा. घोळक्यात पहिलं नाव आपण कधीही घेऊ नये. कोणीतरी ‘बे-ब्रेस्टेड वॉर्बलर’ म्हणेलच. मग दुर्बीण न काढता शांतपणे विचारावं, ‘‘तळवे पाहिलेत?’’ तळवे पिवळे असले तर तो त्याच्यासारखाच दिसणारा ब्लॅकपोल वॉर्बलर. पण पानांआडच्या एवढ्याशा पक्ष्याचे तळवे कोणाच्या बापाला दिसणार? आपला दबदबा मात्र दिवसभर टिकतो.

हा ब्लॅकपोल खरंच दिसला तर आव जरा बाजूला ठेवावा. एरवी बारा ग्रॅमच्या आसपास भरणारा हा जीव फांदीवरून सरकत एकेक अळी टिपत असतो. चरबी साठवून तो अटलांटिकवर झेपावतो आणि दोन-तीन दिवस न थांबता उडत थेट कॅरिबियन बेटं गाठतो. फोटोसाठी त्याला झुडपातून हुसकावणाऱ्या माणसाला तिथल्या तिथे झापावं. इथे भिडस्तपणा नको.

कुरवांच्या वाटेला जाऊ नये. हेरिंग गल प्रौढ व्हायला चार वर्षं घेतो आणि दर वर्षी निराळा दिसतो. ‘‘तिसऱ्या हिवाळ्यातला असावा,’’ एवढं पुटपुटून थर्मासकडे वळावं.

जंगलासाठी मेन राज्याचा उत्तर भाग गाठावा. तिथला स्प्रूस ग्राउस चार हातांवर ढिम्म उभा राहतो. त्याला दुर्बीण लावणं हा दुर्बिणीचा अपमान आहे. कॅनडा जेला तर आपल्याला शोधावंच लागत नाही. तो आपल्याला शोधतो, हातातला ठेपल्याचा तुकडा उचलतो आणि चिकट लाळेने झाडाच्या सालीत चिकटवून हिवाळ्याची बेगमी करतो.

राहता राहिला पोशाख. पुण्याहून मुद्दाम नेलेली खाकी टोपी आणि मातकट जाकीट नोव्हेंबरात बॅगेतच राहू द्यावं. तेव्हा तिथे हरणांच्या शिकारीचा हंगाम असतो. भडक नारिंगी जाकीट घालावं, आणि जमलं तर रविवारीच जावं. मेनमध्ये रविवारी शिकारीला बंदी आहे.