पाच मिनिटांच्या दर्यासारंगास अनावृत पत्र

मु. दिघाशी, ता. भिवंडी, जि. ठाणे

राजमान्य राजश्री दर्यासारंग यांसी,

शिवकालीन आरमारात ‘दर्यासारंग’ म्हणवून घ्यायला समुद्रावर हाडं झिजवावी लागत. आपण तो मान मालवण-तारकर्लीच्या वाळूत उभ्या उभ्या पावती फाडून मिळवलात. केशरी जॅकेट चढवलंत, मोबाइल मेव्हण्याच्या हाती देऊन ‘व्हिडिओ नीट घे’ म्हणालात आणि जेट-स्कीचं थ्रॉटल दाबलंत. त्या यंत्राचा कर्कश आवाज, पाण्यावरचा तेलाचा तवंग, मच्छीमारांची जाळी या तक्रारी तूर्त बाजूला ठेवतो. तक्रार एका वाक्याची आहे. ‘खाली स्कुबावाले आहेत, जरा लांबून न्या’ असं कुणी सुचवलं की आपल्यासारख्या अनेकांच्या तोंडी ते तयारच असतं : ‘त्यांनी वर बघून यायला नको का?’

बघून यावं, जरूर यावं. फक्त थोडा हिशेब करू. पाणबुड्याला झपकन वर येता येत नाही. दहा मीटर खोलीवर दाब पृष्ठभागाच्या दुप्पट असतो, म्हणजे तिथे छातीत भरून घेतलेली हवा वर येईपर्यंत दुप्पट फुगते. घाईने, श्वास रोखून वर आलेल्याची फुप्फुसं फाटू शकतात. म्हणून मिनिटाला साधारण नऊ मीटर या संथ गतीने वर यायचं, असं शिकवतात. शेवटच्या पाच मीटरला अर्ध्या मिनिटाहून थोडा जास्तच वेळ लागतो. आपलं वाहन ताशी साठ किलोमीटरने धावत असेल, तर तेवढ्यात ते अर्धा किलोमीटर कापतं. म्हणजे बिचाऱ्याने वर पाहिलं तेव्हा पाणी मोकळं असतं आणि डोकं बाहेर काढतो तेव्हा आपण हजर असता! मग ‘कानाने ऐकावं’ म्हणाल. पाण्यात ध्वनी सेकंदाला सुमारे दीड हजार मीटर वेगाने जातो, हवेच्या चौपटीहून जास्त. त्यामुळे तो दोन्ही कानांवर जवळजवळ एकदमच आदळतो; इंजिन ऐकू येतं, पण ते कुठल्या बाजूला आहे ते कळत नाही. ज्याला दिसत नाही, दिशा कळत नाही आणि पळता येत नाही, त्यानेच सांभाळून राहावं, हा न्याय आपण कुठल्या शाळेत शिकलात?

यावर ‘जेट-स्कीला बाहेर पंखा नसतो, ती कापत नाही’ असा एक शास्त्रीय खुलासाही मिळतो. पंखा आत असतो, कबूल. पण तीनएकशे किलोचं धूड डोक्यावर आदळल्यावर आत काय फिरत होतं याची चौकशी करायला माणूस उरायला हवा ना? आणखी एक गोष्ट सांगतो. जेट-स्की वळते ती मागून फेकल्या जाणाऱ्या पाण्याच्या झोताने. समोर डोकं दिसताच नवखा माणूस घाबरून थ्रॉटल सोडतो आणि हँडल फिरवतो. झोत थांबला की हँडल नुसतंच फिरतं, आणि वाहन मात्र नाकासमोर जात राहतं.

हे कल्पनेतलं भय नाही. १८ डिसेंबर २००० रोजी मेक्सिकोत कोझुमेलजवळ, वेगवान बोटींना बंदी असलेल्या पाण्यात, कर्स्टी मॅकॉल ही इंग्लिश गायिका मुलांसोबत डायव्हिंग करून वर आली. बोट अंगावर येताना पाहून तिने मुलाला बाजूला ढकललं आणि स्वतः बोटीखाली सापडली. बोट एका धनाढ्य व्यापाऱ्याची होती. दोषी ठरला तो नोकर खलाशी, आणि १,०३४ पेसो, म्हणजे शंभर डॉलरहूनही कमी दंड भरून तो सुटला. आपल्याकडे १८ डिसेंबर २०२४ रोजी, इंजिनाची चाचणी चाललेली नौदलाची वेगवान बोट ताबा सुटून घारापुरीला निघालेल्या ‘नीलकमल’ या प्रवासी बोटीवर आदळली आणि १५ जीव गेले. एवढी थोरली प्रवासी बोट, भर दुपारी, उघड्या पाण्यावर चुकवता आली नाही. तिथे लाटेतलं नारळाएवढं डोकं आपण चुकवणार?

‘समुद्र काय त्यांच्या बापाचा आहे?’ नाही, आपल्याही नाही. म्हणून तर वाटून घ्यायचा असतो. निळं-पांढरं ‘अल्फा’ निशाण जगभर एकच गोष्ट सांगतं : खाली पाणबुड्या आहे, दूर राहा, सावकाश जा. फ्लोरिडात मोकळ्या पाण्यात पाणबुड्याच्या निशाणापासून तीनशे फूट लांब राहण्याचा कायदा आहे; त्याहून जवळ जायचं तर अगदी मंद गतीने. ‘असे नियम आले तर किनाऱ्यावरच्या पोरांचं पोट कसं भरणार?’ हा आक्षेप मात्र मी हसण्यावारी नेत नाही. पण बोये आणि दोरी लावून हद्द आखल्याने पोट मारलं जात नाही. पाण्यातून एक प्रेत बाहेर काढावं लागलं की अख्खा हंगाम बुडतो.

आणि खरं सांगू का, सारंगराव? राग आपल्यावर काढतोय, पण आपली कीवही येते. आपल्याकडून पैसे घेतले, ‘आमची जबाबदारी नाही’च्या कागदावर सही घेतली, थ्रॉटल सोडलं की वळता येत नाही, एवढं एक वाक्य मात्र सांगितलं नाही. उद्या काही झालं तर मालक आणि परवाना देणारे किनाऱ्यावर कोरडे उभे असतील, चौकीत बसाल आपण आणि रोजंदारीवरचा तो पोरगा. तेव्हा महाराष्ट्र सागरी मंडळाने स्कुबाचं आणि जेट-स्कीचं पाणी बोये लावून वेगळं करावं आणि हद्द मोडणाऱ्या मालकाचा परवाना काढून घ्यावा. ते होईपर्यंत आपण एवढंच करा : स्कुबाची हद्द कुठून सुरू होते ते विचारा, आणि उत्तर देता आलं नाही तर पैसे परत मागा.

आपला,
दिघाशीचा एक वाचक