भुतांचा परीक्षक

अमेरिकेतल्या भुताने मला ‘सर’ म्हटलं आणि मी तिथल्या तिथे त्याचे तीन गुण कापले.

गुण कापायचा अधिकार तुम्हाला कोणी दिला, असं माझ्या लेकीनेही विचारलं. तर मी परीक्षक आहे. म्हणजे होतो. म्हणजे एकदा झालो होतो. तालुक्याच्या एकांकिका स्पर्धेचे मूळ परीक्षक ज्या एस.टी.ने येत होते, ती कुडाळच्या अलीकडे बंद पडली. पडदा वर जायची वेळ टळून गेली होती आणि पहिल्या रांगेत इस्त्रीचा सदरा घातलेला मी एकटाच होतो. त्या रात्री मी सात एकांकिकांना गुण दिले, एका मंडळाने माझ्या नावाने शंख केला, आणि तेव्हापासून गेली एकतीस वर्षं मी जगाकडे नेपथ्य, प्रकाशयोजना, रंगभूषा-वेशभूषा आणि अभिनय अशा चार रकान्यांतूनच बघतो. लग्नात वरमाय रुसली की तिला अभिनयाचे गुण देतो. मनातल्या मनात. एकदाच ते मोठ्याने दिले गेले होते.

दुसरी पात्रता जन्मजात. मी वेंगुर्ल्याकडचा. आमच्याकडे भूत हा विषय ऑप्शनला टाकता येत नाही. त्यामुळे न्यू जर्सीत लेकीकडे राहायला आलो असताना बारा वर्षांची नात जेव्हा म्हणाली, “आजोबा, तुम्ही नका येऊ हाँटेड हाउसला, तुम्हाला भीती वाटेल,” तेव्हा मी जे हसलो, ते नारायण धारपांच्या भयकथा कंदिलाच्या उजेडात वाचलेल्या माणसाचं हसणं होतं. (कंदील आईच्या खोलीत असे आणि मी तिच्या पायाशी बसून वाचत असे, हा तपशील नातीला सांगायची गरज नव्हती.)

जावई तयारीचा माणूस. मला सवय व्हावी म्हणून त्याने आदल्या आठवड्यात फिलाडेल्फियाला नेलं. तिथला ईस्टर्न स्टेट पेनिटेन्शरी हा तुरुंग 1829 साली सुरू झाला, 1971 साली बंद पडला आणि 1991 पासून हॅलोविनच्या दिवसांत रात्री तिथे भुतांचे खेळ होऊ लागले. त्या तिकिटांच्या पैशातून पडक्या भिंती सांभाळायच्या, असा हिशेब. आम्ही दिवसाउजेडी गेलो. चाकाच्या आऱ्यांसारख्या पसरलेल्या बराकी, पोपडे सुटलेल्या भिंती, कोठडीच्या छतात एक झरोका. नेपथ्य, दहापैकी दहा, असं मी वहीत लिहूनही टाकलं. मग कळलं की कैद्याला इथे वर्षानुवर्षं एकटं ठेवत. बाहेर काढताना डोक्यावरून टोपडं ओढत, म्हणजे त्याला कोणी दिसू नये आणि तोही कोणाला दिसू नये. हेतू चांगला होता. माणूस एकटा बसला की त्याला पश्चात्ताप होईल! 1842 साली डिकन्स हे बघून गेला आणि शरीराच्या छळापेक्षा हे वाईट, असं त्याने लिहून ठेवलं. मी त्या कोठडीत दोन मिनिटं उभा राहिलो. सकाळी साडेआठला सगळे बाहेर पडल्यावर लेकीच्या घरात फ्रिजचा जो आवाज येतो, तो आठवला. वही खिशात घातली. अशा जागी रात्री आणखी भुतं कशाला लावायची, ते मला अजून उमगलेलं नाही.

आम्ही प्रत्यक्ष गेलो ते भूतघर शेतावरचं. दिवसा भोपळे विकायचे आणि रात्री भीती. काढणी न केलेल्या मक्यातून वाट कापलेली, वाटेच्या टोकाला जुनं गोठाघर, त्याच्या पोटात फळ्या आणि काळं कापड लावून केलेले बोळ. दारावर पाटी: हृदयविकार, फेफरं, गर्भारपण असेल त्यांनी जाऊ नये, भुतं तुम्हाला हात लावणार नाहीत, तुम्हीही भुतांना लावू नका. ही शेवटची सूचना वाचून माझा पहिला भ्रमनिरास झाला. आमच्याकडे भूत लागतं. ‘लागणं’ हेच त्याचं मुख्य काम. हात न लावणारं भूत म्हणजे नुसता प्रेक्षक.

सहासहा जणांची तुकडी आत सोडत होते. दोन तुकड्या एकमेकींना भिडल्या तर मागच्यांना पुढच्यांच्या किंकाळ्यांवरून सगळं आधीच कळतं, म्हणून मध्ये अंतर. रांगेत पाऊण तास गेला आणि तेवढ्यात मी नातीला आपली भुतं समजावून सांगितली. वाचकहो, हा भाग लांबणार आहे. घाई असेल त्यांनी करवतीपाशी भेटावं.

तर, इकडच्या भुताला पत्ता नाही. ते कोण, कुठलं, कशाने मेलं, त्याचं म्हणणं काय, काही नाही. नुसतं ओरडतं. आमच्याकडे अर्ज अपुरा भरलेलं भूत चालत नाही. मुंजा घ्या. मुंज झाली आणि लग्नाआधी गेला. म्हणून पिंपळावर बसतो आणि बसून बसून कंटाळतो. पोरच ते, त्याच्याकडून खोड्यांपलीकडे काय होणार? हडळ बाळंतपणात गेलेली, पावलं उलटी. ज्या घरात तिच्यासाठी वेळेवर सुईण आणली नाही, त्या घराकडे ती बघते. मला लहानपणी तिची भीती वाटायची, आता शरम वाटते. गिऱ्हा पाण्यातला, त्यामुळे त्याची हद्द ठरलेली, नदीबाहेरची केस तो घेत नाही. चकवा तर दिसतही नाही. फक्त वाट चुकवतो, रात्रभर एकाच शेताभोवती फिरवतो आणि पहाटे घराच्या मागच्या दारी सोडतो. (समोरच्या मक्यात माणसं पैसे देऊन नेमकं हेच करून घेत होती.) देवचाराला भूत म्हणणाऱ्याला आमच्या गावात पाणी मिळायचं नाही. तो सीमेचा राखणदार, रात्री काठी आपटत हद्द फिरतो. आणि शेजारच्या आरवलीचा वेतोबा हा तर या सगळ्यांचा राजा, खुद्द देव. रात्री गावभर फिरून त्याच्या वहाणा झिजतात, म्हणून भक्त त्याला चामड्याच्या मोठमोठ्या वहाणा वाहतात. देवाच्याही पायताणाचा विचार करणारी आमची माणसं.

पण माझा लाडका समंध. धन, जमीन, वाडा यात जीव अडकून गेलेला. समंध म्हणजे सातबाऱ्यावरून नाव कमी न झालेला माणूस, अशी माझी व्याख्या आहे आणि ती मी तलाठ्यालाही ऐकवलेली आहे. आमच्या परड्याच्या सातबाऱ्यावर आज अकरा नावं आहेत. त्यातली चार मयत, तीन मुंबईत, दोन एकमेकांशी बोलत नाहीत, एक मी आणि एक कोण ते कोणालाच आठवत नाही. वारसनोंदीसाठी सगळ्यांच्या सह्या एका दिवशी एका कागदावर आणणं जिवंत माणसांना जमलेलं नाही. मेलेल्यांवर सोपवलं असतं तर एव्हाना झालं असतं.

“म्हणजे आजोबा,” नात म्हणाली, “तुमचे सगळे घोस्ट फॅमिली मेंबर आहेत?”

उत्तर द्यायच्या आत आम्हाला आत ढकललं.

नेपथ्य ठीक. फळ्यांचे जोड दिसत होते, पण काळोखात कोण बघतंय. धुराचं यंत्र जरा सढळ हाताने सोडलं होतं. आमच्या नाट्यमंडळात ऊद जास्त झाला की पहिल्या रांगेतला प्रेक्षक खोकायचा, तसा मी खोकलो. प्रकाशयोजनेत लुकलुकणाऱ्या दिव्यांचा अतिरेक. खरं कौशल्य काय असतं? 1862 साली लंडनच्या रॉयल पॉलिटेक्निकमध्ये पेपर नावाच्या गृहस्थांनी रंगमंचापुढे भली मोठी काच तिरकी धरली, खाली खड्ड्यात उभ्या नटावर झगझगीत उजेड टाकला, आणि प्रेक्षकांना रंगमंचावर आरपार दिसणारं भूत दिसलं. तीच युक्ती डिस्नीलँडच्या, 1969 साली उघडलेल्या हाँटेड मॅन्शनमध्ये आजही चालते. एक काच आणि एक दिवा! हे मी नातीच्या कानात सांगत असताना डाव्या बाजूच्या तसबिरीतली बाई दाणकन फळी सरकवून बाहेर आली आणि नात किंचाळली. मला काही झालं नाही. खरं सांगायचं तर बाई माझ्याकडे आलीच नाही.

इथे मला पहिली शंका आली.

पुढच्या वळणावर एक कसाई दबा धरून होता. जावयावर झेपावला, लेकीवर गुरगुरला, नातीच्या कानाशी सुरा परजला. मग मी आलो. त्याने माझी माकडटोपी पाहिली, माझा गुडघ्यावरचा हात पाहिला, सुरा खाली केला आणि घोगऱ्या आवाजात, पण भूमिका न सोडता म्हणाला, “वॉच युअर स्टेप, सर.” पुढे खरंच पायरी होती. त्याच्या पुढच्या भुताने तर माझ्यासाठी कापडाचा पडदा बाजूला धरला. शवपेटीतलं प्रेत इतरांसाठी ताडकन उठलं. माझ्यासाठी सावकाश, कोपरावर रेलून, हॉस्पिटलातला पेशंट भेटायला आलेल्याला बघून उठतो तसं.

मला राग आला. अजूनही आहे. बसमध्ये मुलं उठून जागा देतात, ते मी सोसलं. बँकेतली पोरगी मोबाइल माझ्या हातातून घेऊन स्वतःच बटणं दाबते, तेही सोसलं. पण तिकिटाचे पुरे पैसे मोजल्यावर भुतांनीसुद्धा ज्येष्ठ नागरिक सवलत द्यावी? जग माणसाला घाबरवायचं बंद करतं, तेव्हा त्याने समजावं की त्याचा विचार आता वेगळ्या रकान्यात होऊ लागला आहे. मी वहीत लिहिलं: अभिनय, दहापैकी दोन. पात्रांना समोरच्या प्रेक्षकाचा आदर जास्त.

शेवटच्या दाराशी करवत होती. झाडं तोडायची, पेट्रोलची. तिची साखळी काढून ठेवतात हे जावयाने सकाळीच सांगितलं होतं. राहतो तो फक्त आवाज आणि वास. बाकीचे ओरडत पळाले. मी थांबलो. कमरेवर हात ठेवले, करवत धरलेल्या त्या धिप्पाड पोराच्या डोळ्याला डोळा भिडवला आणि मानेनेच खुणावलं, ये. सवलत नको.

पोरगा गुणी. त्याने दोरी ओढली.

यानंतर काय झालं याबद्दल आमच्या घरात दोन पाठभेद आहेत. माझ्या मते मी वेगाने बाहेर आलो. नातीच्या मते मी ‘आवशीचो घो!’ असं ओरडत मक्यात घुसलो. चाळीस वर्षं पुण्यात राहून घासूनपुसून केलेली माझी प्रमाण भाषा त्या करवतीने बुंध्यापासून कापली, हे मात्र खरं. मी धावत होतो आणि ते भूत माझ्यामागे धावत होतं. करवत बंद होती, तरी ते धावत होतं आणि ‘सर! सर!’ म्हणत होतं. मी आणखी जोरात धावलो. शेवटी भोपळ्यांच्या ढिगापाशी दम संपला तेव्हा त्याने मला गाठलं, आणि धापा टाकत माझी माकडटोपी माझ्या हातात दिली.

मी वही काढून दोनचे नऊ केले. एक गुण राखून ठेवला, कारण दहापैकी दहा दिले की मंडळं शेफारतात.

परतताना गाडीत नात सफरचंदाचं गरम सायडर पीत म्हणाली, “आजोबा, आपल्या गावच्या घरात भूत आहे?” मी सांगितलं, आपलं घर साधं, बंद घर आहे. मग आकेरीची गोष्ट सांगितली. तिथल्या एका जुन्या घरात ‘रात्रीस खेळ चाले’ या मालिकेचं चित्रण झालं आणि लोक ते घर बघायला मुद्दाम गाड्या करून येऊ लागले. आपल्यालाही तसं करता येईल, नेपथ्य तयारच आहे. कौलं सरकलीत, माजघरात वाळवी, ओटीवरच्या झोपाळ्याची एक कडी करकरते. नात हसली आणि झोपली.

घरी पोचलो तेव्हा रात्रीचे अकरा वाजून गेले होते, म्हणजे गावी सकाळ. घरावर लक्ष ठेवणाऱ्या गड्याला फोन केला. त्याने पावसाचं, भाताचं, पडलेल्या नारळांचं सगळं सांगितलं. पेरूंची चोरी यंदा झाली का, मी विचारलं.

“नाय हो काकानू. पोरां आता परड्यात येनत नाय. भियतत.”

“कोणाक?”

तो जरा घुटमळला. “तुमच्या आयेक. तिनसांजेक झोपाळ्यार बसता, म्हणतत.”

आईला जाऊन सतरा वर्षं झाली. विहीर, गोठा, चूल, आणि रात्री माझ्यासाठी जागवलेला कंदील. त्या झोपाळ्यावर बसलेली ती मला एकदाही आठवत नाही.

झोपाळा उतरवून आत ठेवू का, असं त्याने विचारलं. मी नको म्हटलं.