साध्या वेशातले लाल बूट

सिनेमातल्या बाईंनी सिनेमातच राहावं, असं आपल्याकडे ठरलेलं आहे. बाई हिवाळी अधिवेशनात कापूसवाल्यांच्या मोर्चाबरोबर यशवंत स्टेडियमपासून चालायला लागल्या की राज्याच्या सुरक्षेला ताप भरतो. मग मागे माणूस लागतो. साध्या वेशातला.

वेश साधाच असतो. चौकड्यांचा शर्ट, गळ्यात दुपट्टा, हातात ‘हमीभाव तरी द्या’ असा फलक. फक्त पायात लाल चामडी बूट. असे चकाकणारे, की बंदोबस्तावरच्या शिपायाचा हात सवयीने कपाळाकडे जातो.

‘‘कोन्या गावचे जी?’’ बाजूचा म्हातारा विचारतो.

‘‘सीताबर्डीचा.’’

‘‘अन् कापूस?’’

‘‘यंदा बरा आहे.’’

सीताबर्डीत कापूस पिकतो तो बनियनच्या दुकानात, हे म्हातारा बोलत नाही. तो बूट बघतो. सगळा मोर्चाच बूट बघतो. बाई रसवंतीपाशी थांबल्या की बूट थांबतात, बाई हसल्या की बूट चुळबुळतात. मॉरिस कॉलेज टी-पॉइंटला कठडे लागले की बाई रस्त्यावर बसतात, बुटांना मांडी घालता येत नाही. तेवढ्यात दुसऱ्या खात्याचा दुसरा साध्या वेशातला येतो आणि टिपून घेतो : ‘सदर महिलेच्या मागावर लाल बूट घातलेला एक संशयित इसम आढळला.’ पहिला लिहितो : ‘माझ्या मागे कोणीतरी आहे.’ संध्याकाळपर्यंत दोन्ही अहवाल भरतात. बाईंचा उल्लेख त्यात एकदा, तोही रस पिताना.

फोन ऐकायचा तर निदान कागद लागतो. गृहसचिवांचा हुकूम, ६० दिवसांची मुदत, ताणून ताणून १८०. बुटांना मुदत नाही, ते झिजेपर्यंत चालतात. आणि झिजतात कोणाच्या पैशाने? माझ्या! माझी स्कूटर दारातून गेली तेव्हा ठाण्यात तक्रार लिहून घ्यायला माणूस नव्हता. ‘‘सारे बंदोबस्ताले गेले, उद्या या.’’ उद्याही गेले होते. परवाही. कापूसवाला कर्जापायी गळफास घेतो तेव्हा त्याच्या बांधावर यातला एक बूट आधी पोहोचत नाही, पंचनाम्याला मात्र वेळेवर येतो. बाईने त्याच्यासाठी तोंड उघडलं तर दोन खाती धावतात, लाज वाटत नाही?

असो. इतके डोळे रस्त्यावर आहेतच, तर एवढं लिहून घ्या : एमएच ३१, निळी, डावा आरसा तुटलेला. रसवंतीच्या आसपास दिसल्यास कळवावे.