इटो दिला, वर पैसेही मोजले

बार्सिलोनानं सॅम्युअल इटो देऊन झ्लाटन इब्राहिमोविच घेतला, तो सौदा फायद्यात गेला की अंगलट आला, हा खटला आमच्या कंपाऊंडच्या भिंतीवर अजून निकाली निघालेला नाही. सौदा 2009 च्या जुलैमधला. त्यानंतर दोघांनीही बूट खुंटीला टांगले, तरी आमच्या आण्णांचा हट्ट काही सुटत नाही.

आण्णा म्हणजे भिंतीपलीकडचे शेजारी. कोल्हापुरात पेठेतला माणूस फुटबॉलचा नसेल तर तो पाव्हणा समजावा. आण्णांनी बँकेत हिशेब तपासण्यात उमेदीची वर्षं घालवली, त्यामुळे खेळाडूकडंसुद्धा जमा-खर्चाच्या नजरेनं बघतात. फक्त बार्सिलोनाचा विषय निघाला की ती नजर नेमकी अधू होते. परवा एका तालमीच्या फुटबॉल संघाचा हुकमी फॉरवर्ड यंदा दुसऱ्या तालमीकडून नोंदणी करणार, अशी कुजबुज पेठेत सुटली. आण्णा भिंतीवर कोपर टेकून तावातावानं म्हणाले, "घरचं गुणी पोरगं घालवायचं आणि बाहेरचं महागाचं आणायचं, ह्याला काय अर्थ हाय?"

"आण्णा, बार्सिलोनानं हेच केलं तवा तुम्ही पेढे वाटलासा की."

"तेची गोष्ट येगळी."

झालं, बसली बैठक. हातातली पिशवी खाली ठेवली आणि मीही कोपर टेकलं.

वेगळी कशी, ते मला आजवर कुणी पटवून दिलेलं नाही. इंटर मिलाननं इब्राला 2006 मध्ये युव्हेंटसकडून साधारण अडीच कोटी युरोंना आणला. तीन हंगाम वापरला, तिन्ही वेळा लीग जिंकली, शेवटच्या हंगामात तो इटलीत सर्वाधिक गोल करणारा ठरला. आणि मग बार्सिलोना दारात उभी राहिली, 4 कोटी 60 लाख युरो रोख आणि वर इटो घेऊन. इटोची किंमत 2 कोटी धरलेली. एवढ्यावर भागेना म्हणून अलेक्झांडर ह्लेबलाही वर्षभरासाठी इंटरकडं उसना पाठवायचं घाटत होतं, पण तो शहाणा निघाला. नको म्हणाला आणि स्टुटगार्टला गेला. करारात इब्राला पळवून न्यायचा असेल तर 25 कोटी मोजा, असं कलम घातलं. त्याला बघायला कॅम्प नोऊवर पन्नास-साठ हजार माणूस लोटला.

आणि ज्याला दिला तो कोण? त्याच हंगामात लीगमध्ये 30 गोल मारलेला गडी. मे महिन्यात रोममध्ये चॅम्पियन्स लीगच्या अंतिम सामन्यात मँचेस्टर युनायटेडविरुद्ध दहाव्या मिनिटाला पहिला गोल त्याचाच. दोन महिने उलटायच्या आत त्याला बोचकं बांधायला लावलं.

आण्णा इथं बँकेतला मुद्दा काढतात, आणि तो खोटा नाही. इटोच्या करारात एकच वर्ष शिल्लक होतं. "पुढच्या साली फुकट गेला असता. दोन कोटी तर पदरात पडले? आणि गार्डिओलाला तो मुळातच नको हुता. 2008 ला आल्या आल्या त्यानं रोनाल्डिन्हो, डेको आणि इटो तिघांना वाट धरायला सांगिटलेलं."

खरं आहे. प्रशिक्षक पेप गार्डिओलानं आल्या आल्या ही तीन नावं उघडपणे घेतली होती. दोघं गेले, इटो चिकटून राहिला आणि वर्षभर राबला. तरीही पेपचं त्याच्याशी सूत जुळेना. प्रशिक्षकाचं मन बसत नसेल तर खेळाडू काढावा, ह्याला माझी हरकत नाही. इटोचं तोंडही काही कमी फटकळ नव्हतं. पण काढण्याचा हिशेब वेगळा आणि त्या जागी काय आणलं ह्याचा हिशेब वेगळा. आण्णा पहिल्या हिशेबाच्या आड दुसरा लपवतात.

"गोल मारले न्हाईत व्हय इब्रानं?" आण्णांचा आवाज चढला.

मारले की. पहिल्या पाच लीग सामन्यांत पाच वेळा त्याचं नाव फलकावर लागलं. 29 नोव्हेंबर 2009 ला रेआल माद्रिद कॅम्प नोऊवर आली, दुखापतीमुळं इब्रा बाकावर होता. उत्तरार्धात उतरला आणि पाच-एक मिनिटांत आल्व्हेसचा क्रॉस डाव्या पायानं हवेतच असा फोडला की गोलरक्षक कासियास बघत राहिला. सामना 1-0. हा गोल आण्णा अजून हातवारे करून दाखवतात, एकदा त्या भरात भिंतीवरची तुळशीची कुंडी पाडली. हंगामाअखेर इब्राचे सगळे मिळून 21 गोल झाले आणि बार्सिलोनानं 99 गुणांनी लीग मारली. आता एवढ्यावर थांबलं तर सौदा बरा म्हणायचा.

थांबायचं कसं? मध्ये एप्रिल येतो.

चॅम्पियन्स लीगच्या उपांत्य फेरीत बार्सिलोनापुढं नेमकी इंटरच आली. आइसलँडमध्ये ज्वालामुखी पेटला, युरोपातली विमानं जमिनीवर, आणि बार्सिलोनाचा संघ बसनं मिलानला निघाला. हजारभर किलोमीटर. वाटेत कान शहरात मुक्काम. तसले गुळगुळीत हमरस्ते असूनही पाय आखडले असणार, हे मी मान्य करतो. आण्णा तर पराभवाचं सगळं खापर त्या बसवर फोडतात. 20 एप्रिलला सॅन सिरोवर पेद्रोनं आधी गोल केला, तेव्हा आण्णा घरात नाचत होते. मग स्नायडर, मग मायकॉन, मग मिलिटो. 3-1. इब्राला साधारण तासाभरानं बाहेर काढून पेपनं आबिदालला, म्हणजे बचावपटूला, उतरवलं.

आठ दिवसांनी परतीचा सामना. अर्ध्या तासाच्या आत थियागो मोट्टाला लाल कार्ड. बुस्केट्स तोंडावर हात धरून लोळत होता आणि बोटांच्या फटीतून रेफ्रीकडं बघत होता, ते दृश्य जगानं पाहिलं. आण्णा त्या वेळी नेमके पाणी प्यायला आत गेले होते म्हणे. इंटरचे दहा जण उरले. आणि आता बघा, जो जड झाला म्हणून दिला तो इटो कुठं होता? डाव्या बाजूला, आपल्या गोलजवळ, बॅकच्या शेजारी बॅक होऊन. आदल्या साली 30 गोल मारलेला स्ट्रायकर आल्व्हेसच्या मागं मागं कॉर्नरच्या झेंड्यापर्यंत पळतोय, घसरून चेंडू बाहेर काढतोय, उठतोय, पुन्हा पळतोय. तासभर हेच. समोर इब्रा ल्युसिओ आणि सॅम्युएल ह्या इंटरच्या बचावपटूंच्या मध्ये खांबासारखा उभा. तासाभरानं त्यालाही बाहेर काढला, त्या जागी बोयान आला. शेवटी गोल कुणी केला? पिकेनं! बचावपटूला पुढं पाठवून गोल काढावा लागला. 1-0 पुरेसं नव्हतं, एकूण 3-2 नं इंटर अंतिम फेरीत. इंटरचा प्रशिक्षक मोरिन्हो मैदानात बोट वर करून धावत सुटला, तर कुणीतरी पाण्याचे फवारेच सुरू केले.

22 मे ला बर्नाबेऊवर मिलिटोच्या दोन गोलांनी बायर्नला हरवून इंटरनं लीग, कप आणि चॅम्पियन्स लीग असा तिहेरी मुकुट पुरा केला. इटलीत असं आधी कुणाला जमलं नव्हतं. इटोनं लागोपाठ दोन वर्षं, दोन वेगळ्या क्लबांकडून तो मुकुट घातला.

एवढ्यात आण्णांकडच्या काकी धुणं काढायला बाहेर आल्या. त्यांना फुटबॉलचं वावडं नाही, दर वर्ल्डकपला गल्लीत अर्जेंटिनाची पताका त्याच शिवतात. चिमटे ओच्यात टाकत विचारलं, "काय ओ, त्या मेस्सीला मधीच खेळायचं हुतं न्हवं? मग मधी उभारणारा एवढा उंच गडी घेतला कशाला?"

आण्णा गप्प. पन्नास हजारांच्या गर्दीत हा प्रश्न एकाला सुचला असता तरी बार्सिलोनाचं कल्याण झालं असतं.

पण आण्णा हार मानणारे नव्हेत. त्यांचा हुकमी एक्का पुढं आला. "इब्रा फसला म्हणून मेस्सी मधी आला. म्हणून 2011 ला वेम्बलीत चॅम्पियन्स लीग मारली. म्हंजे सौदा अंती फायद्यातच."

घर जळालं म्हणून अंगणात ऊन आलं, असं सांगण्यातला हा प्रकार. आणि तेही खरं नाही. 2 मे 2009 ला, म्हणजे इब्रा येण्याच्या आधीच, बर्नाबेऊवर पेपनं मेस्सीला मध्ये आणलं होतं. माद्रिदला 6-2 नं बडवलं. त्या दिवशी उजव्या बाजूला कोण सरकलं? इटो. रोमच्या अंतिम सामन्यातही तेच, आणि तो पहिला गोल त्यानं उजवीकडून आत शिरूनच केला. मेस्सीला मधली जागा करून देणारा सेंटर फॉरवर्ड बार्सिलोनाच्या घरातच होता. तो देऊन त्यांनी आणला कोण, तर ज्याला मधलीच जागा पाहिजे असा. इब्राचा ह्यात दोष काय? त्यानं आत्मचरित्रात पेपवर भरपूर तोंडसुख घेतलंय, ते वाचताना मला त्याचीच बाजू थोडी पटते. उंटाएवढा माणूस आणून त्याला खिडकीतून जा म्हणायचं! चूक घेणाऱ्याची.

बाकी हिशेब आण्णांना पेन्सिल देऊन करायला लावला. मे 2010 मध्ये डेव्हिड व्हियाला 4 कोटींना आणलं, त्यानं डावीकडं मुकाट्यानं खेळून वेम्बलीत गोलही केला. ऑगस्टमध्ये इब्रा एसी मिलानला उसना गेला, मागाहून 2 कोटी 40 लाखांना कायमचा. तिथं पहिल्याच वर्षी लीग जिंकला, म्हणजे गडी संपला नव्हता. इकडं इंटरनं आलेल्या पैशातून स्नायडरला रेआलकडून साधारण दीड कोटीत उचललं. मिलिटो आणि मोट्टा जेनोआकडून आधीच ठरले होते, ते श्रेय मी ह्या सौद्याला देत नाही. आण्णांनी वही बंद केली आणि काकींना चहा टाकायला सांगितला.

एक ओळ मात्र त्यांनी लिहिली नाही, ती मी इथं लिहितो. करार संपून फुकट जाणारा म्हणून दिलेल्या इटोनं 2010-11 मध्ये इंटरसाठी सगळे मिळून 37 गोल मारले, आणि पुढच्या ऑगस्टमध्ये इंटरनं त्याला रशियाच्या आन्झीला अडीच कोटींहून जास्त घेऊन विकलं. इब्राहिमोविचला चॅम्पियन्स लीग उभ्या कारकिर्दीत मिळाली नाही. आण्णा काहीही म्हणोत, बार्सिलोना ह्या सौद्यात साफ फसली.