बारा किल्ले, एक टी-शर्ट

युनेस्कोने जुलै २०२५मध्ये मराठ्यांचे बारा किल्ले जागतिक वारशाच्या यादीत घेतले आणि पालकांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर भीतीची लाट उसळली. आता यावर प्रकल्प येणार! आलाच. इयत्ता पाचवी, दिवाळीची सुट्टी, विषय ‘वारसास्थळी मी’. फोटोत चेहरा स्पष्ट दिसावा, पार्श्वभूमी आकर्षक असावी आणि काम विद्यार्थ्याने स्वतः करावे. यातली शेवटची सूचना शाळा दरवर्षी छापते. सिगारेटच्या पाकिटावरही काहीतरी छापलेले असतेच.

आता बारांतले अकरा किल्ले महाराष्ट्रात, बारावा जिंजी तमिळनाडूत. साल्हेर तिकडे बागलाणात, उंची १,५६७ मीटर. खांदेरीला होडीने जायचे. सुट्टीतला निम्मा वेळ क्लासमध्ये, उरलेला फराळात. पण इंटरनेटवर फोटो कापायची-जोडायची साधने फुकट आहेत. ‘रिमूव्ह डॉट बीजी’ने मुलामागचे घर पुसायचे, ‘कॅनव्हा’त किल्ला आणायचा, किल्ल्यावर मूल ठेवायचे. राजाराम महाराजांना जिंजी गाठायला वेषांतर करावे लागले होते. आमच्या सोसायटीतली पोरे जेवणाच्या टेबलावरून हाफ पँटमध्ये पोचली. बाराही किल्ल्यांवर तोच टी-शर्ट, तेच हसू. साल्हेर चढूनही कपाळावर घामाचा थेंब नाही.

पार्श्वभूमी पुसण्याचे तंत्र थोर आहे. दोरीवरचे टॉवेल गेले, सिलिंडर गेला, मागे मेथी निवडत बसलेल्या आजीही गेल्या. यंत्राच्या मते आजी ही पार्श्वभूमी. एका घरात चिरंजीवांची दोन बोटेही गेली, पण ‘तलवार दिली की झाकतील’ असे बाबांनी ठरवले. दुसऱ्या घरी एआयला ‘रायगडावर मावळे हवेत’ असे इंग्रजीत सांगितले, तर गडावर राजस्थानी फेटेवाले उभे राहिले आणि मागे चर्चसारखा टोकदार मनोरा. ग्रुपवर त्याला सत्तावीस अंगठे मिळाले.

मग नावे घालायची. सुंदर दिसणारा फाँट निवडला की ऱ्हस्व वेलांटी उडी मारून पलीकडच्या अक्षरावर बसते, जोडाक्षरांचे पाय मोडतात. ‘शविनेरी’ आणि ‘सधिुंदुर्ग’ असे दोन नवे किल्ले त्यामुळे वारशात दाखल झाले. मराठी माध्यमाच्या शाळेत हे कुणाला खटकले नाही, कारण फाँट छान होता.

‘मुलांना यातून काय मिळाले’ असे विचारणाऱ्यांनी जरा चौकात जाऊन फ्लेक्स बघावेत. कुणाच्या धडावर कुणाचे डोके, खाली शुभेच्छुकांची रांग, सगळ्यांवर वेगवेगळ्या दिशेने ऊन. महाराष्ट्रात या कलेला मरण नाही. शिवाय ‘कॅनव्हा’वाल्यांचा पहिला धंदाच ऑस्ट्रेलियातल्या शाळांना वार्षिकांक करून देणारे संकेतस्थळ होता. म्हणजे घराणे शैक्षणिक आहे.

एका पोराने मात्र खरेच स्वतः बसून फोटो जोडला. किल्ल्यावर ऊन कुठून येतेय ते बघून त्याने आपली सावली दुसऱ्या बाजूला पाडली. मागच्या बुरुजापेक्षा आपण मोठे दिसतोय हे कळल्यावर स्वतःला लहान केले. (एवढे विज्ञान आणि एवढी नम्रता पाचवीच्या कुठल्या धड्यात आहे मला माहीत नाही.) पाय तेवढे जमिनीपासून वीतभर वर राहिले. ब श्रेणी. एका मुलीने अंगणात लाल मातीचा राजगड केला, अळीव पेरला, पण फोटोच्या कोपऱ्यात चप्पल आली. शेरा मिळाला, ‘पार्श्वभूमीकडे लक्ष द्यावे.’ तिच्या बाबांनी चप्पल पुसायला घेतली, तर साधनाने चपलेबरोबर पद्मावती माचीही उचलून नेली.

पहिला क्रमांक ज्याला मिळाला त्याचे वडील जाहिरात संस्थेत आहेत. बक्षीस घेताना त्याला मुख्याध्यापिकांनी कौतुकाने विचारले, ‘यातला विजयदुर्ग कोणता रे, बाळा?’ बाळाने वळून बाबांकडे पाहिले. बाबांनी फाइलचे नाव बघायला मोबाइल काढला.

पुढचा प्रकल्प कालच आला: ‘मी लावलेले झाड’, पुराव्यादाखल तीन छायाचित्रांसह. रात्री ग्रुपवर एका तत्पर आईने खड्ड्याचा फोटो टाकला आणि खाली लिहिले, ‘क्लिअर आहे, कुणाला हवा तर घ्या. कुंडीचा मी सकाळी पाठवते.’