माती मिळवावी कशी: दिव्यातल्या नवख्या किल्लेदारांसाठी

माइनक्राफ्टमध्ये हिरे कसे काढायचे हे ज्यांना तोंडपाठ आहे, पण दिवाळीच्या किल्ल्याला माती कुठून आणायची याचा पत्ता नाही, त्यांच्यासाठी ही मार्गदर्शिका आहे. म्हणजे ठाण्याजवळच्या दिवा गावातली बहुतेक सगळी पोरं, आणि त्यांच्या हट्टापुढे हात टेकलेले आईबाप.

सर्वप्रथम, खेळात शिकलात ते विसरा. तिथे हिरा दुर्मीळ आणि माती फुकट. हिऱ्यासाठी निदान लोखंडी कुदळ लागते. ३० नोव्हेंबर २०२१ च्या अपडेटपासून तर पार जगाच्या तळाशी, उणे ५९ पातळीच्या आसपास उतरावं लागतं, आणि तिथे लाव्ह्यात पाय पडला की केलेली सगळी मेहनत राख. मातीला हत्यारच लागत नाही. नुसत्या हाताने एका सेकंदाच्या आत ठोकळा निघतो. असे ६४ ठोकळे एका कप्प्यात बसतात आणि कप्पे असतात ३६. ठोकळ्याची प्रत्येक बाजू एक मीटर. तेव्हा ज्याला शाळेचं दप्तर जड होतं तो चिरंजीव खेळात २३०४ घनमीटर माती अंगावर घेऊन डोंगर चढतो. आपल्याकडे माती ब्रासवर मोजतात, १०० घनफुटांचा एक ब्रास. त्या हिशेबाने हे झाले सुमारे ८१४ ब्रास. कुठल्याही डंपरमालकाने ऐकलं तर मुलाला दहावीआधीच कामाला ठेवील.

दिव्यात व्यवहार उलटा आहे. हिऱ्याची चमकी सोनाराकडे हप्त्यावर मिळते. माती रोखीनेही मिळत नाही.

याला कारण आहे. एका अंगाला खाडी, दुसऱ्या अंगाला पारसिकचा डोंगर, मध्ये आगरी शेतकऱ्यांनी बांध घालून खाडीकडून राखलेली भाताची खाजणं, असं हे गाव होतं. मग शेतांवर भराव पडला, भरावावर इमारती उठल्या, आणि इमारतींमधल्या जागेत काँक्रीट किंवा पेव्हर ब्लॉक आले. हा पेव्हर ब्लॉक नवख्याला फसवतो. दिव्यातला हाताने निघणारा ठोकळा तेवढाच. पुष्कळदा तो आपला आपणच निघून बाजूला पडलेला असतो. खाली माती असेल या आशेने उचलू नका. खाली क्रशरची भुकटी असते, आणि नंतर सोसायटीचे सेक्रेटरी.

किल्ला निवडताना

कच्चा माल बघून किल्ला ठरवावा, किल्ला बघून कच्चा माल नाही. जुलै २०२५ मध्ये मराठ्यांचे १२ किल्ले युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या यादीत गेले, तेव्हापासून मुलांच्या मागण्या वाढल्या आहेत. साल्हेर मनातसुद्धा आणू नका, तो महाराष्ट्रातला सगळ्यात उंच किल्ला आहे. जिंजी तामिळनाडूत आहे म्हणून वेगळी दिसेल हे खरं, पण तिला तीन डोंगर आहेत; एका डोंगराच्या मातीची मारामार असताना तीन कुठून आणणार? सिंधुदुर्ग बरा. बेटावरचा किल्ला, डोंगर नाही, नुसता तट. उरलेल्या जागेत निळी रांगोळी पसरली की समुद्र.

माझं मत विचाराल तर दुर्गाडी करा. कल्याणच्या खाडीकाठी बुटकी टेकडी, मातीला अगदी स्वस्त. शिवाजी महाराजांनी १६५७ मध्ये कल्याण घेतलं आणि याच खाडीत जहाजं बांधायला सुरुवात केली. आपल्या शेजारचा किल्ला असून आजूबाजूला कोणी तो करत नाही, सगळ्यांना रायगडच हवा असतो. कागदाची दोन गलबतं पुढे लावलीत की स्पर्धेचे परीक्षकही गप्प.

कुठे खणावं, कुठे खणू नये

नव्या इमारतीचा पायाचा खड्डा: ही दिव्यातली सर्वात मोठी खाण. काळपट राखाडी, चिकट माती. चोरू नका, मागा. वॉचमन "ने की" म्हणतो, कारण ती बाहेर टाकायला त्यांनाच डंपरचे पैसे पडतात. पण घेण्याआधी वास घ्या. खाडीचा वास आला तर माती खारी आहे. तिचे बुरूज सुंदर होतात, वसुबारसेला लोक कौतुक करतात, आणि लक्ष्मीपूजनापर्यंत तटाला अशा भेगा पडतात की तोफा न डागता किल्ला सर व्हावा. खाऱ्या मातीत अळीवही धड उगवत नाहीत. म्हणून ही माती खाली, दुसरी वर.

म्हातार्डी: बुलेट ट्रेनचं ठाणे स्टेशन इथे होतंय, आणि बीकेसी ते शिळफाटा असा २१ किलोमीटरचा बोगदा, त्यातले सात किलोमीटर ठाणे खाडीखालून. एवढं खोदकाम म्हणजे केवढी माती, असा हिशेब प्रत्येक हुशार मुलगा करतो. हिशेब बरोबर आहे. फक्त ती कुंपणाच्या आत असते, आणि बोगद्यातून पुष्कळसा निघतो तो फोडलेला काळा दगड. दगडाने किल्ला बांधता येतो, पण मग तो खराच बांधावा लागतो.

पारसिकचा डोंगर: लांबून लालसर दिसतो आणि मोह होतो. त्याच्या पोटातून १९१६ मध्ये रेल्वेने १.३ किलोमीटरचा बोगदा काढला, तेव्हा काय निघायचं ते निघालं. आता उतारावर घरं आहेत आणि पावसाळ्यानंतर उतार आधीच सैल असतो. हात लावू नका. शिवाय तो मुरूम. बांधून राहत नाही, हातातून घरंगळतो.

कांदळवन: नाही. २००५ पासून उच्च न्यायालयाचा आदेश आहे. किल्लेदाराने पहिल्याच मोहिमेत वनखात्याशी तह करू नये.

नर्सरीची पिशवी: नाइलाज असेल तरच. तिच्यात माती कमी आणि नारळाचा भुसा जास्त. तिचा बुरूज उभा राहत नाही, फुगतो. ऑनलाइन मागवलेल्या ‘पॉटिंग मिक्स’मध्ये तर माती नसतेच, आणि ही गोष्ट पिशवीच्या मागच्या बाजूला बारीक अक्षरांत लिहिलेली असते.

बाप्पा: शाडूची मूर्ती घरीच बादलीत विसर्जन केली असेल तर तुम्ही श्रीमंत आहात आणि तुम्हाला ते माहीत नाही. गाळ खाली बसला की वरचं पाणी झाडांना घाला आणि शाडू कापडात बांधून ठेवा. दिवाळी पाच-सहा आठवड्यांवर असते, तोवर नीट वाळतो. नुसत्या शाडूचा किल्ला करू नका, वाळताना आक्रसतो. पण बुरूज, दरवाजा, शेवटचा गिलावा यांना त्याच्या तोडीचं काही नाही. आजी म्हणेल, बाप्पाची माती पायदळी जाईल. तिला सांगा, पायदळी नाही, महाराजांच्या सिंहासनाखाली जाईल. ती विचार करेल आणि हो म्हणेल. मूर्ती प्लास्टरची असेल तर हा परिच्छेद वाचला नाही असं समजा.

गाव: सर्वोत्तम. देवाने दिव्याला माती दिली नाही, पण सावंतवाडीची गाडी दिली, आणि ती सुटते दिव्यातूनच. परतीच्या गाडीत कोकणची लाल, जांभ्याची माती येऊ शकते. सेकंड क्लासच्या तिकिटावर माणशी ३५ किलो सामान फुकट. सिमेंटची रिकामी गोणी काठोकाठ भरू नका, ती ५० किलोची असते. साधारण दोन तृतीयांश भरा. तोंड सुतळीने शिवा, आणि गोणीवर फणस किंवा नारळ ठेवा. टीसी काही म्हणणार नाही, पण समोरचे प्रवासी "माती? गावाहून?" असं विचारत बसतात आणि चिपळूणपासून दिव्यापर्यंत तुम्हाला उत्तर देत यावं लागतं.

कृती

नुसत्या मातीचा चार बाय तीन फुटांचा, दोन फूट उंच डोंगर रचायचा तर सुमारे आठ घनफूट माती खाते. इतकी दिव्यात कोणाकडे नसते. म्हणून आत विटा, फुटकी कुंडी, उपडी बादली, जुने डबे रचा. माती चाळून सरबरीत राडा करा, त्यात गोणपाट बुचकळून सांगाड्यावर अंथरा. त्याच्या चुण्या म्हणजे कडेकपारी. त्या मुद्दाम कराव्या लागत नाहीत. वर बोटभर जाड थर. आता दोन घनफुटांत भागतं, म्हणजे गावच्या गाडीतली माणशी एकेक गोणी आणि दोन तिकिटं. दुसरं तिकीट आजीचं काढा. तिच्या गोणीबद्दल कोणी विचारत नाही.

पाण्याबाबत इशारा. खेळात दोन बाय दोनच्या खड्ड्यात समोरासमोरच्या कोपऱ्यांत एकेक बादली ओतली की कधीच न संपणारा झरा तयार होतो. दिव्यातल्या आईला हे सांगू नका. इथे दोन बादल्या ओतल्या की दोन बादल्या संपतात आणि पुढचं पाणी नळ येईल तेव्हा. राडा नळाच्या वेळेतच कालवा, हात धुवायला उरतं.

दुसरा इशारा: खेळात वाळू आणि खडी खाली पडते, पण माती अधांतरी टांगून राहते. त्या सवयीने मुलं कड्याला सज्जे काढतात. इथे सज्जा दुपारी मावळ्यांसकट खाली येतो. खाली दोन चपट्या विटा द्या.

अळीव वसुबारसेच्या चारेक दिवस आधी पेरा. भिजला की दाण्याला बुळबुळीत लेप सुटतो, म्हणून तो उभ्या कड्यालाही चिकटतो. मोहरी तिथून घरंगळते. पाणी हाताने शिंपडा, तांब्याने नको. वाघ दरवाजापेक्षा मोठा असेल तर असू दे, बाजारात तोच मिळतो.

साठवण

हे कोणी सांगत नाही, आणि नवखे इथेच लुटले जातात. बऱ्याच घरी किल्ला तुळशीच्या लग्नापर्यंत ठेवतात. दिव्यात ही चैन करू नका. पाडव्यानंतर अकराव्या दिवशी द्वादशी, तेव्हापासून प्रत्येक मजल्यावरच्या वृंदावनाला ताजी माती हवी असते, आणि इमारतीतली एकमेव माती तुमच्या जिन्याखाली महाराजांसह उभी असते. आधी पहिल्या मजल्यावरच्या काकू वाटीभर मागतात. मग दुसऱ्या मजल्यावरच्या कुंडी घेऊन येतात. मग न विचारता बालेकिल्ला जातो.

म्हणून भाऊबीजेच्या संध्याकाळी, ओवाळणी खिशात पडल्यावर, किल्ला उतरवा. मावळे कागदात गुंडाळा. माती उन्हात फोडून, अळिवाच्या मुळ्या काढून गोणीत भरा, खारी आणि गोडी वेगळी. गोणी जिन्याखाली अगदी मागे सरकवा आणि खडूने ठळक लिहा: ‘सिमेंट, गोठलेलं.’ गोठलेलं सिमेंट आजवर कोणी मागितलेलं नाही. कचरागाडीवाला ते उचलत नाही, सेक्रेटरींना ते हलवायचा कंटाळा येतो. काकूंनी तरी विचारलंच, की दादा, यात नक्की काय आहे, तर गोणीला एक लाथ मारून दाखवा. फक्त त्याआधी पुढच्या बाजूने एक वीट आत सरकवलेली असू द्या.