बिलवाले बाबूजी

पांढुर्ण्यात आमदार कोणत्याही पक्षाचा येवो, अंगावरचा गुलाल धुऊन व्हायच्या आत त्याच्या दारात एक माणूस उभा असतो. पायात स्लीपर, खिशात खर्र्याची पुडी, बगलेत सुतळीनं बांधलेली फाईल. त्याला बदली नको, ठेका नको, नातवाला नोकरी नको. नव्या आमदाराची इथेच पंचाईत होते. काहीच न मागणाऱ्याला कसं टाळायचं, हे कोणताच पक्ष शिकवत नाही. तो फाईल पुढे करतो आणि म्हणतो, "भाऊ, कायदा आनला हाय. फक्त पास करा लागते."

हे आमचे बिलवाले बाबूजी. असा एकेक इसम सातपुड्याच्या पायथ्याला जवळपास प्रत्येक तहसिलीत असतो, पण पांढुर्ण्याचा नमुना अस्सल. नोकरीभर तहसील कचेरीत साहेबांचे हुकूम नकलून काढले, रिटायर झाल्यावर कचेरीबाहेर कडुनिंबाखाली टेबल टाकलं आणि अर्जनवीस झाले. दुसऱ्यांचे हुकूम लिहून लिहून ज्याचा हात बसला, त्याला एक दिवस स्वतःचा हुकूम लिहावासा वाटणारच. बोलतात मराठीत, मसुदा लिहितात हिंदीत, कारण भोपाळला मराठी कळत नाही. आणि विचार करतात कलमांत. घरी ताट वाढलं की काकूंना सांगतात, "पोळ्या दोन, परंतु भात असल्यास एक."

त्यांची सगळी विधेयकं आरोग्यावर. शेती, सिंचन, संत्र्याचा भाव या विषयांवर बोलायला सौंसरपर्यंत माणसं पडली आहेत, असं त्यांचं म्हणणं. शिवाय राज्यघटनेच्या सातव्या अनुसूचीत, राज्यसूचीच्या सहाव्या नोंदीत सार्वजनिक आरोग्य आणि दवाखाने लिहिलेले आहेत. म्हणजे हे काम दिल्लीचं नाही, भोपाळचं. आणि भोपाळला सवड नसेल तर बाबूजींचं.

पहिलं गाजलेलं विधेयक 'अपडाऊन निवारण विधेयक'. पांढुर्णा नागपूर-इटारसी लाईनवर. सकाळच्या गाडीनं नागपूरहून यायचं, साहेबी करायची, संध्याकाळी काटोल-नरखेडच्या बाजूनं परत. या दिनक्रमावर इथल्या किती सरकारी नोकऱ्या उभ्या आहेत, ते फलाटावरच्या चहावाल्याला विचारावं. बाबूजींचं एकच म्हणणं: ज्या गावात डॉक्टरची नेमणूक, त्याच गावात त्यानं झोपावं. साधी गोष्ट. पण कायद्यात साधी गोष्ट चालत नाही, व्याख्या लागते. म्हणून खंड दोन : "झोपणे म्हणजे सूर्यास्तानंतर सूर्योदयापर्यंत मुख्यालयाच्या हद्दीत आडव्या अवस्थेत असणे." हे टपरीवर मोठ्यानं वाचून दाखवलं तेव्हा टपरीवाला म्हणाला, "बाबूजी, मंग रातपाळीचा डॉक्टर काय आडव्यानंच तपासते?" बाबूजी दोन दिवस फिरकले नाहीत. तिसऱ्या दिवशी परंतुक जोडून आले. चौथ्या दिवशी परंतुकाला स्पष्टीकरण. आता त्या विधेयकात झोपेवर साडेतीन पानं आहेत आणि औषधांवर एक ओळ.

दुसरं, गोटमारीचं. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी जाम नदीच्या पात्रात पळसाचं झाड रोवतात, त्यावर झेंडा. अलीकडे पांढुर्णा, पलीकडे सावरगाव, आणि मधून दगड. प्रशासनानं बंदी घालून पाहिली, एकदा दगडांऐवजी रबरी चेंडू देऊन पाहिले. लोकांनी चेंडू मुलांना घरी नेले आणि दगड उचलले. दरवर्षी शेकड्यांनी डोकी फुटतात, माणसंही दगावली आहेत. बाबूजींचा मुद्दा तसा बिनतोड आहे. "तारीख मालूम, जागा मालूम, जखम कुठं होनार थे मालूम. अशी आपत्ती दुनियेत सरकारले दुसरी भेटन काय?" पहिल्या मसुद्यात त्यांनी सरसकट बंदी लिहिली. काकूंचं माहेर सावरगाव. त्यांच्या भावाच्या डोक्यात यांच्याच बाजूचा गोटा बसलेला आहे, ते टाके अजून मोजता येतात, आणि तरीही बंदी ऐकून सगळ्यात आधी बिघडल्या त्याच. "आमच्या लोकाइले हरा लागते म्हनून बंदी का?" नदीपलीकडच्या पोरीला पळवून नेताना दोन्ही काठांवरून दगड पडले, अशी या मेळ्याची दंतकथा सांगतात, तेव्हा सासुरवाडीशी वाटाघाट इथे नवी नाही. सुधारित मसुद्यात बंदी गेली आणि दगडाचं कमाल वजन आलं. काठावर तराजू कोण घेऊन बसणार, हा खंड कोरा आहे.

तिसरं तंबाखूचं. गुटख्यावर बंदी आणणारं देशातलं पहिलं राज्य आपलं, 2012 साली, हे बाबूजी अभिमानानं सांगतात. सांगताना प्लास्टिकच्या तुकड्यात खर्रा घोटत असतात. त्यांच्या विधेयकात खर्रा पूर्ण बंद आहे, "परंतु या अधिनियमाच्या प्रारंभापूर्वीपासून सेवन करणाऱ्यास तो लागू होणार नाही."

हसू येतं खरं, पण मला या माणसाची एक गोष्ट मानावी लागते: तो वाचतो. आमदार जे चाळत नाहीत, ते हा पाठ करतो. खासगी दवाखान्यांच्या नोंदणीचा राज्याचा कायदा आहे, 'मध्यप्रदेश उपचर्यागृह तथा रुजोपचार संबंधी स्थापनाएं (रजिस्ट्रीकरण तथा अनुज्ञापन) अधिनियम, 1973'. हे नाव बाबूजी एका दमात घेतात, मध्ये थुंकायलाही थांबत नाहीत. विधेयकाला उद्देश आणि कारणांचं कथन लागतं, खर्च असेल तर वित्तीय ज्ञापन लागतं, आणि तिजोरीला हात लागत असेल तर अनुच्छेद 207 प्रमाणे राज्यपालांच्या शिफारशीशिवाय सभागृहात ते पास होत नाही, हे सगळं त्यांना ठाऊक. मंत्री नसलेल्या आमदाराचं विधेयक अशासकीय ठरतं आणि त्याच्या वाट्याला शुक्रवारचे शेवटचे अडीच तास येतात, हेही ठाऊक. त्या वेळी आपापल्या गावाकडे निघालेल्या दोनशे तीस आमदारांतले किती जागेवर असतात, हे मात्र ते विचारत नाहीत. मी एकदा म्हटलं, "बाबूजी, संसदेतसुद्धा आजवर खासगी विधेयकं चौदाच पास झाली, शेवटचं 1970 साली." त्यांचा चेहरा उजळला. "पाह्य! चौदा झाले न!"

एकदा मात्र घास तोंडाशी आला होता. 2019 मध्ये मुख्यमंत्री आपल्या छिंदवाड्याचे कमलनाथ आणि सरकारनं आरोग्याच्या हक्काचा कायदा आणायची भाषा सुरू केली. बाबूजींनी नवा सदरा शिवला. भोपाळहून बोलावणं येईल म्हणून फाईलची सुतळीसुद्धा बदलली. मार्च 2020 मध्ये आमदार फुटले, बंडखोरांच्या मुक्कामी बेंगळुरूला जे मंत्री जाऊन बसले त्यांत खुद्द आरोग्यमंत्री. 20 मार्चला कमलनाथांचा राजीनामा, आणि आठवडा उलटायच्या आत देशभर टाळेबंदी. आरोग्याचा कायदा बुडायला याहून नेमका आठवडा शोधून सापडला नसता. पुढे 21 मार्च 2023 ला राजस्थानच्या विधानसभेनं असा कायदा मंजूर केला. तातडीच्या वेळी आधी उपचार, पैशाचं नंतर, हे त्याचं सार. खासगी डॉक्टर रस्त्यावर उतरले आणि एप्रिलच्या सुरुवातीला सरकारनं तडजोड केली. बाबूजींनी ती बातमी कापून फाईलीत लावली आणि खाली लाल शाईनं लिहिलं, "अध्यक्ष महोदय, नोंद घ्यावी."

त्याच वर्षी ऑक्टोबरात छिंदवाड्यातून निघून पांढुर्णा वेगळा जिल्हा झाला. पांढुर्णा आणि सौंसर, एवढाच तो जिल्हा. कलेक्टर आले, एसपी आले. बाबूजींनी सगळ्या मसुद्यांतला 'छिंदवाडा' पांढऱ्या शाईनं खोडून 'पांढुर्णा' केला. आता जिल्ह्यात आमदार दोन, म्हणून फाईलच्या प्रतीही दोन. दुसरी प्रत घेऊन ते बसनं सौंसरला जातात आणि वाट वाकडी करून जामसावळीला उतरतात. तिथला मारुती निजलेला आहे. बाबूजी फाईल त्याच्या पायाला लावतात. निजलेल्यापुढे कागद ठेवायचा सराव होतो म्हणे.

आमदारही वाईट नसतात हो. ते फाईल घेतात, कपाळाला लावतात, पीएकडे देतात. पण आमदाराचं आरोग्यधोरण म्हणजे त्याचा फोन. "पेशंट आपला हाय, पाहून घ्या जी" एवढ्या एका वाक्यावर त्याच्या पाच वर्षांची भिस्त असते. फोनवर सुटतो तो माणूस मत देतो; कायद्यानं सगळेच सुटले तर आमदाराला विचारतो कोण? हे बाबूजींना कळत नसावं, असं मला बरीच वर्षं वाटे.

आणि खरी गंमत पुढेच आहे. बाबूजींच्या टेबलापुढे रोज जी रांग असते, ती विधेयकासाठी नसते. कुणाच्या बापाची अँजिओप्लास्टी, कुणाच्या पोरीचं डायलिसिस. नागपूरच्या दवाखान्याचं एस्टिमेट, आधार कार्ड, आमदाराचं शिफारसपत्र आणि मुख्यमंत्र्यांच्या स्वेच्छानुदानासाठी अर्ज. हे अर्ज बाबूजी एक पैसा न घेता लिहितात, आणि तोंड वाकडं करून लिहितात. कायदा करणाऱ्या माणसाला कारकुनी करायला लावतात, याचा राग. यातले बरेच अर्ज मंजूर होतात. विधेयक एकही नाही. मी म्हटलं, "बाबूजी, तुमचं खरं काम तर हेच." ते भडकले. "स्वेच्छानुदान! त्याइची इच्छा झाली तं देतीन. आयुष्मानचं कार्ड हाय, पाच लाखाचं, चांगलं हाय. पन योजना हाय थे. योजनेत देतेत. कायद्यात द्याच लागते." मग खालचा खण उघडून दाखवला. प्रत्येक अर्जाची कार्बन कॉपी तिथे लावून ठेवलेली. वर शीर्षक : 'परिशिष्ट अ'.

2025 च्या सप्टेंबर-ऑक्टोबरात ही रांग काही दिवस गप्प होती. परासियाकडची लहान पोरं साध्या सर्दी-खोकल्याचं सिरप पिऊन मूत्रपिंड बंद पडून दगावत होती. छिंदवाड्याहून नागपूरला नेत, आणि तिथून परत आणत. वीसहून जास्त पोरं गेली. तमिळनाडूत बनलेल्या त्या कोल्ड्रिफ नावाच्या सिरपमध्ये डायएथिलीन ग्लायकॉल निघालं. तमिळनाडूच्या तपासणीत ते 48.6 टक्के होतं, चालतं ते 0.1 टक्का. त्या दिवसांत बाबूजींनी व्याख्या लिहिल्या नाहीत, परंतुक जोडलं नाही. फक्त विधानसभेसाठी एक प्रश्न लिहिला: पहिलं पोर कोणत्या तारखेला गेलं, नमुना कोणत्या तारखेला उचलला, अहवाल कोणत्या तारखेला आला, विक्री कोणत्या तारखेला थांबली. चार तारखा. त्यांच्या सबंध फाईलीत एवढा आखूड कागद दुसरा नाही.

त्यानंतर त्यांनी 'सीमा रुग्ण विधेयक' हातात घेतलं. 1 नोव्हेंबर 1956 पर्यंत जुन्या मध्यप्रदेशाची राजधानी नागपूर होती, म्हणजे इथला आमदार आणि इथला पेशंट एकाच बाजूच्या गाडीत बसत. आता आमदार आमला-बैतूल-इटारसी करत भोपाळला जातो आणि पेशंट उलट दिशेला, नागपूरच्या मेडिकल नाहीतर मेयो दवाखान्यात. छिंदवाड्यात 2019 पासून मेडिकल कॉलेज आहे, पण पांढुर्ण्याच्या माणसाचा पाय दुखला तरी तो नागपूरकडेच लंगडतो. "फाईल उत्तरेले, खाट दक्षिनेले," बाबूजी म्हणतात. विधेयकाचं म्हणणं इतकंच की पांढुर्णा-सौंसरच्या माणसाला नागपूरच्या दवाखान्यानं आधी दाखल करून घ्यावं, रेशन कार्ड कोणत्या राज्याचं ते मागाहून विचारावं, आणि हिशेब दोन सरकारांनी आपसात पाहावा.

त्यांनी लिहिलेलं हे सगळ्यात शहाणं विधेयक, आणि यातच सगळ्यात मोठं भोक. मी भीत भीत बोललो, "बाबूजी, भोपाळचा कायदा नागपूरच्या दवाखान्याला कसा लागेल? राज्याचा कायदा राज्याच्या हद्दीपुरता." मला वाटलं, आता दोन दिवस दिसायचे नाहीत.

त्यांनी खर्रा गालात सरकवला, घटनेचं जीर्ण पुस्तक काढलं आणि बोट ठेवलं. अनुच्छेद 252. दोन किंवा अधिक राज्यांच्या विधिमंडळांनी ठराव केला तर संसद त्या राज्यांसाठी कायदा करू शकते.

"आता जास्तीचं काहीच नाई," ते म्हणाले. "दोन विधानमंडळं आन् एक संसद. बस. भोपाळचं मी पाह्यतो. तुही नागपुरात कोन्या आमदाराशी ओळख हाय का?"

मी नाही म्हटलं.

त्यांनी तिसरी प्रत सुतळीतून सोडवली आणि माझ्या हातात ठेवली. "मंग तूच उभा राह्य."